मिआटाच्या मागचा छोटा ट्रेलर



तुझा निरोप मिळाला आणि पाठोपाठ तुझ्या आईचा फोनही आला. मी तुला या बेतापासून परावृत्त करावं, अशी ताईची इच्छा आहे. तीस वर्षांची दोन सीटची मिआटा, तिला मागे ट्रेलर आणि ऑटोक्रॉस स्पर्धेसाठी शिकागो ते लिंकन सव्वापाचशे मैलांचा रस्ता, हे ऐकून कुठलीही आई घाबरेल. मी तुला नको म्हणणार नाही. पण काही अटी घालणार आहे, आणि त्या तू पाळाव्यास असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्वतःशी कबूल कर. माझ्दाने अमेरिकेत मिआटाला ट्रेलर ओढण्याची मान्यता दिलेली नाही. गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा तक्ता शोधू नकोस, तिथे सरळ नकार आहे. बाजारात या गाडीला बसणारा हिच (ट्रेलर जोडायची लोखंडी जोडणी) मिळतो आणि त्यावर 2,000 पौंड असा आकडा छापलेला असतो. तो हिचच्या लोखंडाचा आकडा आहे, तुझ्या गाडीच्या ब्रेकचा, क्लचचा किंवा मागच्या स्प्रिंगांचा नव्हे. ऑटोक्रॉसवाली मंडळी वर्षानुवर्षं मिआटामागे टायरचा ट्रेलर लावून येतात हे खरं. त्यातले शहाणे लोक स्वतःची मर्यादा स्वतः आखून घेतात आणि तिच्या पलीकडे जात नाहीत. तुझी मर्यादा मी सांगतो: ट्रेलर आणि त्यातलं सामान मिळून 600 पौंड. तुझी 1995ची गाडी साधारण 2,300 पौंडांची आहे, म्हणजे तिच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकं ओझं झालं.

त्याआधी ट्रेलर लागतोच का, हेही एकदा तपासून घे. तू ज्या वर्गात उतरतोस तिथे किमान 200 ट्रेडवेअरचे (झिजेच्या मानांकनाचे) टायर चालतात. असे टायर घालून पुष्कळ जण थेट स्पर्धेच्या ठिकाणी जातात. तुझा मुद्दा मला पटतो, की सव्वापाचशे मैल जाऊन-येऊन ते टायर झिजतील आणि वाटेत पाऊस लागला तर कमी खाचांच्या त्या टायरांखाली पाणी साचून गाडी तरंगेल. लिंकनला स्पर्धा होते ती जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर, तिथे टायर ताजे हवेत हेही खरं. तेव्हा ट्रेलर टायरांसाठी घे. रिकामी जागा दिसली की माणसाचा हात थांबत नाही. थंड पेट्या, चार खुर्च्या, मित्राची बॅग असं करता करता 600चे 900 कधी होतात ते कळत नाही.

हिशोब मांडून बघ. रिमसकट चार टायर दीडशे पौंड. ॲल्युमिनियमचा जॅक पस्तीस. हत्यारं चाळीस. मांडवाची घडी पंचेचाळीस. हवेची टाकी, पाणी, किरकोळ सामान तीसेक. सामान ठेवायची कुलपाची पेटी चाळीस. हे झाले 340. चार फुटी हलका ट्रेलर 240च्या आसपास असला की 580 झाले आणि यादी संपली.

आता हे वजन ट्रेलरमध्ये कुठे ठेवायचं, यावर तुझा सगळा प्रवास अवलंबून आहे, म्हणून इथे जरा लक्ष दे. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचच्या बॉलवर यायला हवा. तुझ्या बाबतीत 60 ते 85 पौंड. यापेक्षा कमी पडला, म्हणजे जड सामान चाकांच्या मागे गेलं, की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि वेग वाढेल तसा जास्तच हलतो. मिआटाच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जेमतेम 89 इंच, त्यामुळे ट्रेलरने मागून ढकललं की ही गाडी लांब गाडीपेक्षा फार लवकर वळवळते. उलट बॉलवर खूप भार दिलास तरी त्रास आहे. बॉल मागच्या चाकांच्या साधारण 39 इंच मागे येतो. तिथे 70 पौंड ठेवले तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचे 30 पौंड उचलले जातात आणि मागच्या चाकांवर 100 पौंड वाढतात. एवढं चालतं. पण बॉलवर दीडशे आले की पुढची चाकं हलकी होतात, मागचे स्प्रिंग दबून रबरी ठोकळ्यांवर टेकतात, आणि ज्या समतोलासाठी ही गाडी घेतलीस तोच बिघडतो. म्हणून ट्रेलर लावलेला असताना डिकी रिकामी ठेव.

हे मोजायला बाथरूममधला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी उभा कर, चाकांना अडण लाव, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर कपलर, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याचं बॉलवर बसणारं टोक, टेकव, आणि ठोकळ्याची उंची अशी धर की ट्रेलर गाडीला जोडल्यावर असेल तितकाच समतल राहील. आकडा वाच. कमी असेल तर जॅक पुढे सरकव, जास्त असेल तर मागे. मग प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखून पट्ट्यांनी आवळून टाक. परतीच्या प्रवासात थकलेला माणूस सामान कसंही टाकतो, तेव्हा या खुणा कामी येतात.

ट्रेलर विकत घेताना दोन गोष्टी बघ. आठ इंची चाकांचा ट्रेलर स्वस्त मिळतो, पण ती चाकं तुझ्या गाडीच्या चाकांच्या सुमारे 1.4 पट वेगाने फिरतात. बेअरिंग तापतं ते यानेच. बारा इंची चाकांचा घे. दुसरं म्हणजे दांडा. आखूड दांड्याचा ट्रेलर जास्त वळवळतो आणि मागे घेताना क्षणात आडवा होतो. दोन-तीन फूट जास्त लांबीची चौकोनी नळी बसवून घेतलीस तर फरक तुला पहिल्याच वळणावर कळेल. कमानपाटे हजार पौंडांच्या हिशोबाचे असतात, त्यामुळे हलक्या ओझ्यावर ट्रेलर उसळतो. कमी क्षमतेचे पाटे मिळत असतील तर तेच बसव. नवीन असला तरी बेअरिंग उघडून नीट ग्रीस भर. कारखान्यात भरलेल्या ग्रीसवर विसंबू नकोस. आणि ट्रेलरची स्टेपनी बरोबर हवीच, कारण त्या मापाचा टायर आयोवातल्या लहान गावात रविवारी मिळायचा नाही.

बॉलचं माप कपलरवर कोरलेलं असतं. 1⅞ इंच आणि 2 इंच हे दोन बॉल नुसत्या नजरेला सारखेच वाटतात. दोन इंची कपलर लहान बॉलवर बसतो, खटका लागतो, सगळं ठीक दिसतं, आणि पहिल्या मोठ्या धक्क्याला तो निघून येतो. म्हणून खटका लावून पिन घातल्यावर दांड्याखाली जॅक लावून वर उचलून बघ. गाडीचा मागचा भाग ट्रेलरबरोबर वर आला पाहिजे. साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या घाल, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा जमिनीत न घुसता साखळ्यांवर झेलला जाईल. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतक्या सैल ठेव, पण रस्त्याला घासू देऊ नकोस.

वायरिंगचं काम तुला आवडेल. तुझ्या गाडीत मागचे पिवळे इंडिकेटर वेगळे आहेत, ट्रेलरवर मात्र ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यात असतात, म्हणून मधे कन्व्हर्टर लागतो. मिआटाची बॅटरी डिकीतच आहे, ही मोठी सोय. कन्व्हर्टरला थेट बॅटरीवरून फ्यूज घालून वीज दे, गाडीच्या जुन्या वायरींवर भार टाकू नकोस. चार वायरींत पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. पांढरी वायर ट्रेलरच्या रंगावर नको, खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर आवळ. ट्रेलरचे दिवे बंद पडले की बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

आता गाडीकडे वळू. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर या पिढीच्या मिआटात गळतो हे तुला माहीत आहे. तो ओला दिसत असेल तर निघण्यापूर्वीच बदल. ब्रेकचं तेल, रेडिएटरचे होज, पंख्याचा पट्टा, यांचं शेवटचं काम कधी झालं ते लिहून मला पाठव. तापमानाच्या काट्यावर भिस्त ठेवू नकोस. इंजिन बरंच तापेपर्यंत तो मधेच उभा राहतो.

वेगाबद्दल मी हट्टी आहे. तुझ्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, त्याचं वजन गाडीचे ब्रेकच थांबवणार. जोरात ब्रेक मारलास तर थांबायला साधारण पाचवा हिस्सा अंतर जास्त लागेल. 70 ऐवजी 60 मैलांनी गेलास तर थांबवायची ऊर्जा सुमारे 27 टक्क्यांनी घटते आणि ही तूट भरून निघते. शिवाय ट्रेलरचे खास टायर, त्यांवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, 65 मैलांपर्यंतचेच समजायचे. आयोवात इंटरस्टेटवर 70ची मर्यादा आहे आणि नेब्रास्कात 75ची, लोक तुला मागे टाकून जातील. जाऊ देत. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येकाला 55चीच मर्यादा आहे. 60 ते 62 वर पाचव्या गिअरमध्ये इंजिन 3,000 फेऱ्यांच्या आसपास राहील. समोरून वारा आला की चौथ्यात उतर, पाचव्यात रेटत बसू नकोस.

आयोवातला वारा आडवाही येतो. त्यात मोठा ट्रक बाजूने गेला की आधी बाहेर ढकलल्यासारखं आणि मग आत ओढल्यासारखं होतं. ट्रेलर हलायला लागला तर स्टिअरिंग सरळ धरून ठेव, उलटसुलट फिरवून त्याला आवरायला जाऊ नकोस. पाय ॲक्सिलरेटरवरून हळूहळू काढ. ब्रेक दाबायचा नाही. वेग उतरला की तो आपोआप शांत होईल. मग बाहेर पड, थांब आणि सामान सरकलंय का बघ. एकदा हलला म्हणजे कारण आहे, आणि ते सापडेपर्यंत पुढे निघू नकोस.

मागे घेण्याची फार चिंता करू नकोस. स्टिअरिंगला खाली हात धर आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात ने. अगदीच जमेना तर कपलर सोडून ट्रेलर हाताने वळव, 580 पौंड सपाट जागेवर एका माणसाला हलतात. तुझ्या गाडीमागे तो आरशात दिसणारही नाही, म्हणून त्याच्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांना लवचीक काठीवर लाल झेंडी लाव. इलिनॉयमध्ये ट्रेलरची नोंदणी वेगळी करून त्याची नंबर प्लेट घ्यावी लागते, ती आताच घे. विमा कंपनीला लेखी विचार आणि उत्तरही लेखीच घे.

निघाल्यावर पहिले पन्नास मैल झाले की थांब. चाकांचे नट पुन्हा आवळ, साखळ्या बघ, हबवर तळहात ठेव. हात ठेवता येत नसेल इतका हब तापला असेल तर पुढे जायचं नाही. डेव्हनपोर्टच्या पुढे वॉलकॉटला इंटरस्टेट 80वरचा प्रचंड ट्रक स्टॉप आहे, तिथे पुन्हा हेच कर.

आणि एक काम निघण्याच्या आदल्या शनिवारी कर. घराजवळच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जा. आधी ट्रेलरसकट गाडीचं वजन घे, मग ट्रेलर बाजूला सोडून नुसत्या गाडीचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुझा ट्रेलर. दोन्ही पावत्यांचा फोटो मला पाठव. फरक 600च्या आत असेल तर मी स्वतः ताईला फोन करून सांगेन की मुलाला जाऊ दे. जास्त असेल तर निघण्यापूर्वी मांडव आणि पेटी घरी उतरव. लिंकनला लागणारा मांडव मी इथून दे मॉईनहून माझ्या गाडीत घेऊन येईन.

मामीचे आशीर्वाद.

तुझा,
मामा