‘ओम्व्हाल’मधील नावा : आस्वादाच्या क्रमाचा प्रश्न

रेम्ब्रांटचे ‘ओम्व्हाल’ (१६४५) हे एचिंग आकाराने लहान आहे : उंची सुमारे १८.५ सेंटिमीटर, रुंदी सुमारे २२.५ सेंटिमीटर. ओम्व्हाल हा ॲम्स्टरडॅम शहराबाहेरील, ॲम्स्टेल नदीकाठचा भूभाग. या चित्राच्या निमित्ताने आस्वादप्रक्रियेतील क्रमाचा प्रश्न तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी माध्यमाचा विचार आवश्यक आहे. तांब्याच्या पत्र्यावरील मेणाच्या थरात सुईने रेषा ओढतात, उघडा पडलेला धातू आम्लाने कोरला जातो आणि त्या खाचांत भरलेली शाई दाबयंत्राखाली ओल्या कागदावर उमटते. काही रेषा थेट धातूवर ओरखडल्या जातात. त्यांच्या कडेला उचलला जाणारा धातूचा कीस शाई धरून ठेवतो व ठशात मखमली काळोख येतो. हा कीस लवकर झिजतो. म्हणून आरंभीच्या व नंतरच्या ठशांतील काळोख सारखा नसतो.

प्रथमदर्शनी नजर नदीकडे जाते. छत असलेली एक नाव प्रवाशांना घेऊन चालली आहे; पैलतीरी घरे, पवनचक्की आणि डोलकाठ्या दिसतात. पाणी मात्र फारसे रेखाटलेलेच नाही. मोजक्या रेषा सोडल्यास कोरा कागदच पाणी होतो आणि वरचा तसाच कोरा कागद आकाश होतो. एकच कोरेपण दोन भिन्न अर्थ धारण करते, ते नाव आणि तीर यांच्या रेषांमुळे. नाव आहे म्हणून नदी आहे. अलीकडच्या काठावर रुंद टोपी घातलेला एक पुरुष पाठमोरा उभा आहे. त्याच्या पाठीमागून पाहणारा प्रेक्षकही नकळत नदीकडेच पाहू लागतो.

या पुरुषाच्या डावीकडे एक पिळवटलेला जुना वृक्ष आहे. त्याच्या गर्द छायेत, रेषांच्या गुंत्यात, एक प्रेमी युगुल दडलेले आहे; एकाच्या मस्तकावर दुसरा फुलांचा मुकुट ठेवीत आहे. पहिल्या दृष्टिक्षेपात ते बहुधा दिसत नाही आणि दिसल्यावर पुन्हा न दिसल्यासारखे करता येत नाही. उजवीकडील उजेड सर्वांसाठी खुला आहे. डावीकडील काळोख थांबणाऱ्यासाठीच उघडतो.

येथे अध्यापनाचा प्रश्न उपस्थित होतो. शिक्षकाने युगुलाकडे आधीच बोट दाखविले, तर विद्यार्थ्याला माहिती मिळते, शोध मिळत नाही. शिवाय नदी केवळ पार्श्वभूमी ठरते. कवितेच्या अध्यापनात ‘मध्यवर्ती कल्पना’ प्रथम सांगण्याची जी रूढी आहे, तिचा दोष नेमका हाच. आनंदवर्धनाच्या विचारात व्यंग्यार्थापर्यंत पोहोचण्याचे साधन वाच्यार्थच असतो. दीप न लावता प्रकाशाची अपेक्षा करता येत नाही.

चरित्राचा आधारही येथे जपून घ्यावा लागतो. रेम्ब्रांटची पत्नी सास्किया १६४२ मध्ये निवर्तली. त्यावरून पाठमोऱ्या पुरुषात विधुर कलावंत पाहण्याचा मोह होतो. परंतु चित्रातील एकही रेषा त्यास दुजोरा देत नाही. तो पुरुष शोकमग्न नाही, तो नदी पाहत आहे. युगुल त्याच्यापासून काही पावलांवर आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही. नदीची रहदारी व झाडाआडचा एकांत एकाच काठावर नांदतात, हे ज्ञान केवळ प्रेक्षकाला होते. आणि तेही आधी नावा पाहून झाल्यावर.