घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे
(शहरालगतच्या गावांत सदनिका घेणाऱ्यांसाठी)

पनवेल तालुक्यातील विचुंबे हे गाव नवीन पनवेलच्या वसाहतीस लागून वसले आहे. रेल्वे स्थानक जवळ, महामार्ग जवळ आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेले नवी मुंबई विमानतळही फार दूर नाही. मुंबईत मिळणे दुरापास्त झालेले घर येथे आवाक्यात येईल, या आशेने नोकरदार कुटुंबे या भागात येतात. भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम, पत्नीचे दागिने आणि पुढील वीस वर्षांच्या पगारावर काढलेले कर्ज असे सर्वस्व या एकाच व्यवहारात ओतलेले असते. तथापि, भाजी घेताना माणूस जितकी पारख करतो तितकीही येथे पुष्कळदा होत नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

विचुंबेसारख्या गावात खरेदीदाराचा पहिला गोंधळ होतो तो अधिकाराबाबत. गावात ग्रामपंचायत आहे. ती घरपट्टी घेते, पाणी देते, दाखले देते. त्यामुळे इमारतीची परवानगीही तिनेच दिली असेल, असे नवख्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जानेवारी २०१३ मध्ये शासनाने विमानतळ प्रभावित अधिसूचित क्षेत्र, म्हणजेच ‘नैना’, जाहीर करून तेथील नियोजनाचे अधिकार सिडकोकडे सोपविले. विचुंबे या क्षेत्रात मोडते. म्हणजे कारभार पंचायतीचा, परंतु बांधकामाचे नियोजन सिडकोचे, अशी येथील व्यवस्था आहे. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि इमारत पूर्ण झाल्यावरचे भोगवटा प्रमाणपत्र नियोजन प्राधिकरणाचेच असावे लागते.

‘नमुना ८’ चा उतारा दाखवून घर विकण्याची पद्धत अनेक गावांत आढळते. हा उतारा म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतील नोंद होय. कर कोणाकडून वसूल करावयाचा एवढेच ती सांगते. जमिनीची मालकी ती सिद्ध करीत नाही. अनधिकृत बांधकामावरही कर आकारला जातो आणि कर भरला म्हणून ते अधिकृत होत नाही. वीजजोडणी व नळजोडणी यांचेही तसेच आहे. किंबहुना दस्ताच्या नोंदणीनेही हा प्रश्न सुटत नाही. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतात. विक्रेत्याच्या मालकीची किंवा इमारतीच्या परवानगीची हमी ते देत नाहीत. पाचशेच्या मुद्रांकावर केलेले साठेखत आणि मुखत्यारपत्र यांच्या बळावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

कागद पाहणे पुरेसे नाही, तो ज्या कार्यालयाने दिला त्या कार्यालयात जाऊन पडताळला पाहिजे. डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींचे प्रकरण याची साक्ष देते. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून तेथे महारेराची नोंदणी मिळविण्यात आली होती. नोंदणी क्रमांक पाहून लोकांनी घरे घेतली, बँकांनी कर्जेही दिली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. घर जाण्याची वेळ आली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. विचुंबे येथे घर घेणाऱ्याने सिडकोच्या संबंधित कार्यालयात एक अर्ज देऊन परवानगीचा क्रमांक, दिनांक आणि मंजूर मजल्यांची संख्या यांची खातरजमा करावी. या कामासाठी एक दिवसाची रजा खर्ची पडली तरी हरकत नाही.

जमिनीच्या कागदांत सातबारा व फेरफार प्रथम पाहावेत. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना बहुतेक जण वाचीत नाहीत. वास्तविक कुळाचा हक्क, बँकेचा बोजा किंवा वारसाची नोंद तेथेच आढळते. ‘भोगवटादार वर्ग २’ असा उल्लेख असल्यास जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध असतात व सक्षम अधिकाऱ्याची परवानगी विचारावी लागते. मागील तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. मात्र तो वकील बिल्डरने सुचविलेला नसावा.

महारेराचे संरक्षण १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात पूर्णांशाने लागू झाले. विकासकाने नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी, ताब्यानंतर पाच वर्षांत रचनात्मक दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करावा, असे हा कायदा सांगतो. तथापि, जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल, किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक नाही. गावठाणालगतच्या लहान भूखंडांवरील इमारती नेमक्या या मर्यादेत बसू शकतात. नोंदणी नसणे म्हणजे इमारत अनधिकृत असणे नव्हे; परंतु अशा ठिकाणी खरेदीदाराने परवानगीची चौकशी अधिक कसोशीने करावयास हवी. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यानेही २० टक्क्यांपर्यंतची आगाऊ रक्कम स्वीकारण्यापूर्वी लेखी करार व त्याची नोंदणी आवश्यक ठरविली आहे, हे ध्यानात असावे.

या बाबतीत पंचायत सदस्यांना बरेच करता येण्यासारखे आहे. ‘नमुना ८’ चा उतारा मागणारी व्यक्ती घर घेण्याच्या बेतात आहे असे दिसल्यास, हा मालकीचा पुरावा नाही व बांधकाम परवानगीची चौकशी सिडकोकडे करावी, एवढे दोन शब्द तिला सांगावेत. तशी सूचना मोठ्या अक्षरांत कार्यालयाच्या फलकावर लावण्यास फारसा खर्च येत नाही. गावोगावच्या शिक्षकांकडे लोक कागद वाचून घेण्यासाठी येतातच. त्यांनी करारनाम्यातील चटई क्षेत्र, ताब्याचा दिनांक आणि विलंब झाल्यास द्यावयाच्या व्याजाचे कलम ही तीन ठिकाणे आवर्जून दाखवावीत.

ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हाती आल्यावाचून शेवटचा हप्ता देऊ नये. पुढे रहिवाशांनी सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवून जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून घ्यावी. विकासक टाळाटाळ करीत असल्यास मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो.