सोळा ओळींचा वाघ

कॅनिबस या रॅपरचा 'कॅन-आय-बस' हा पहिला अल्बम ८ सप्टेंबर १९९८ रोजी आला आणि बिलबोर्डच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला. त्याआधी वर्षभर रॅप ऐकणारा जो भेटेल तो एकच सांगायचा, की हा पोरगा सगळ्यांची छुट्टी करणार. अल्बम हातात पडल्यावर तीच माणसं खांदे उडवायला लागली. अल्बम खपला, पुढे 'गोल्ड'ही झाला, पण दबदबा काही राहिला नाही.

वायटूकेच्या संगणकी कामांच्या लाटेत न्यू जर्सीला येऊन पडलेल्या मराठी पोरांपैकी मी एक. दिवसभर कोबोल, संध्याकाळी रेडिओवर हॉट ९७ हे स्टेशन. रॅपचा नाद तिथे लागला तो कायमचा. हा अल्बम मी अजूनही अधूनमधून लावतो. त्यातून जे उमगलं ते असं.

१. पाहुणा म्हणून गाजणं सोपं, संसार मांडणं अवघड.

कॅनिबसचं नाव झालं ते दुसऱ्यांच्या गाण्यांत. १९९७ मध्ये लॉस्ट बॉइझच्या 'बीस्ट्स फ्रॉम द ईस्ट'मध्ये तो होता, 'द फर्म'च्या 'डेस्पराडोज'मध्ये होता, कॉमनच्या अल्बममध्येही होता. प्रत्येक ठिकाणी वाट्याला एकच तुकडा यायचा, साधारण सोळा ओळींचा, आणि त्यात तो जीव तोडून लिहायचा. उपमा तरी कसल्या, भौतिकशास्त्र, अंतराळ, शब्दकोशातले अवघड शब्द, सगळं एका दमात. मॅनहॅटनच्या कॅनाल स्ट्रीटवर घडीच्या टेबलांवर मिक्सटेप मांडलेल्या असायच्या. झेरॉक्स केलेलं कव्हर, त्यावर मार्करने लिहिलेली नावं. ज्या कॅसेटवर त्याचं नाव असे ती विकणारा वरच्या रांगेत ठेवायचा.

पण पाहुण्याला बाकी काही बघावं लागत नाही. गाण्याचा विषय यजमानाचा, बीट यजमानाची, ध्रुवपदही त्याचंच. पाहुण्याने यायचं, चार टाळ्यांची वाक्यं टाकायची आणि निघायचं. अल्बममध्ये तासभर तुम्हीच बोलायचं असतं. दहाव्या मिनिटाला जी उपमा ऐकून मी उठून बसलो होतो, तशीच उपमा चाळिसाव्या मिनिटाला आली तेव्हा मी भांडी घासत होतो आणि हात थांबला नाही.

२. भांडणावर एक गाणं निघतं, अल्बम निघत नाही.

ही हकिकत मोठी आहे, पण सांगण्यासारखी आहे. एल. एल. कूल जे या मुरलेल्या रॅपरने १९९७ च्या 'फिनॉमिनन' अल्बमसाठी 'फोर, थ्री, टू, वन' नावाचं गाणं केलं आणि त्यात मेथड मॅन, रेडमॅन, डीएमएक्स आणि कॅनिबस यांना बोलावलं. एल. एल.च्या दंडावर माइकचं गोंदण आहे. कॅनिबसने आपल्या तुकड्यात, तो माइक मला उसना दे, अशा अर्थाची ओळ टाकली. थट्टा होती की आगाऊपणा, यावर अजून वाद होतात. १९८५ पासून अल्बम काढणाऱ्या माणसाला ती झोंबली. त्याने कॅनिबसला ओळ बदलायला लावली, कॅनिबसने बदललीही. पण एल. एल.ने त्या ओळीला दिलेलं उत्तर मात्र गाण्यात तसंच राहिलं! म्हणजे श्रोत्यांनी ऐकला तो प्रश्नाशिवायचा जबाब.

मग १९९८ मध्ये कॅनिबसने 'सेकंड राउंड के.ओ.' सोडलं. त्यात रिंगच्या कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या उस्तादाच्या थाटात माइक टायसन त्याला चेव आणतो. (लढतीत प्रतिस्पर्धी होलीफिल्डचा कान चावल्यामुळे त्या वेळी खुद्द टायसनचा बॉक्सिंगचा परवाना रद्द झालेला होता. उस्ताद निवडावा तर असा.) गाणं मात्र जबरदस्त. राग आहे, विनोद आहे, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पकड सुटत नाही. एल. एल.ने 'द रिपर स्ट्राइक्स बॅक'मधून परतफेड केली. गाण्याला गाणं लावून बघायचं तर माझं मत कॅनिबसला. कारकिर्दीचा हिशेब केला तर एल. एल. कुठच्या कुठे.

अडचण अशी झाली की अल्बम आला तोवर हे गाणं सगळ्यांचं ऐकून झालं होतं. उरलेल्या गाण्यांत तो तसाच तावातावाने बोलतो, पण समोर कोणीच उभं नाही. नाव नसलेल्या रॅपर्सना दम देत राहतो. अल्बममध्ये 'हाइप-नायटिस' नावाचं एक गाणं आहे. नावातच हाइपची टर उडवणारा अल्बम त्याच हाइपखाली दबावा, याला काय म्हणायचं?

३. दोष बीटचा, हे अर्धंच खरं.

अल्बमची सूत्रं फ्यूजीज या गटातल्या वायक्लेफ जाँकडे होती. वायक्लेफचा कल गोड चालींकडे, गिटारकडे, रेडिओवर वाजेल अशा ध्रुवपदांकडे. कॅनिबसचा आवाज खरखरीत, एकाच पट्टीतला, श्वास न घेता धावणारा. 'रिप रॉक'मध्ये या दोघांना रॉकच्या मांडवात उभं केलंय, आणि ते ऐकवत नाही. चाहत्यांनी खापर वायक्लेफवर फोडलं, पुढे कॅनिबसनेही फोडलं. २००० मध्ये आलेल्या दुसऱ्या अल्बमचं नाव त्याने '२००० बी. सी.' ठेवलं आणि बी. सी. म्हणजे 'बिफोर कॅन-आय-बस'. पहिल्या अल्बमच्या आधीचा मीच खरा, असं त्याला सांगायचं होतं.

पण गंमत बघा. अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं 'सेकंड राउंड के.ओ.'सुद्धा वायक्लेफच्याच हातचं. त्याच बीट देणाऱ्याकडून तिथे काम झालं, कारण तिथे कॅनिबसकडे सांगायला काही होतं.

४. वर्ष कोणतं होतं ते बघावं.

१९९८ साल असं होतं की साध्या चांगल्या अल्बमला कोणी विचारत नव्हतं. 'फोर, थ्री, टू, वन'मधला दुसरा नवखा डीएमएक्स. त्याचा पहिला अल्बम मे महिन्यात आला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. डिसेंबरात दुसरा आला, तोही पहिल्या क्रमांकावर. त्याची उपमांची श्रीमंती कॅनिबसच्या पासंगालाही पुरणारी नव्हती, पण त्याच्या गाण्यांत भीती होती, देवाशी भांडण होतं, एक माणूस होता. रॅपर बिग पनचं पदार्पण एप्रिलमधलं. आणि 'कॅन-आय-बस'च्या बरोबर दोन आठवडे आधी, २५ ऑगस्टला, वायक्लेफची फ्यूजीजमधली जुनी साथीदार लॉरिन हिल हिचा पहिला स्वतंत्र अल्बम आला, ज्याला पुढे पाच ग्रॅमी मिळाले. २९ सप्टेंबर या एकाच दिवशी जे-झी, आउटकास्ट, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट आणि ब्लॅक स्टार यांचे अल्बम दुकानात आले. एवढ्या गर्दीत पाय रोवायचे तर नुसती तयारी पुरत नाही.

५. घाई करू नये.

फार बोलत नाही. कॅनिबस १९९७ मध्ये पाहुणा म्हणून गाजला आणि पुढच्याच वर्षी त्याचा अल्बम आला. मुंबईचा रॅपर डिव्हाइन याचं 'मेरे गली में' २०१५ चं आणि पहिला अल्बम 'कोहिनूर' २०१९ चा. चार वर्षं मध्ये गेली, त्याचं काही बिघडलं नाही.

६. हा माणूस गाण्याचा नव्हता, कागदाचा होता.

हे कळायला मला २००३ चा 'रिप द जॅकर' ऐकावा लागला. कॅनिबसने आपले शब्द ध्वनिमुद्रित करून दिले आणि तो अमेरिकी सैन्यात गेला. त्याच्यामागे जेडाय माइंड ट्रिक्स या गटाच्या स्टूपने त्या शब्दांभोवती संगीत रचलं. ध्रुवपदांचा सोस नाही, रेडिओची काळजी नाही. शेवटचं 'पोएट लॉरिएट टू' सात मिनिटांच्या आसपास चालतं आणि त्यात तो बोलतच राहतो. पहिल्या अल्बमने त्याला गाणी बनवायला बसवलं होतं, इथे त्याला लिहू दिलं. बीटवाल्याला दोष देणाऱ्यांचं अर्धं म्हणणं खरं ठरतं ते इथे.

उलटी बाजूही सांगतो. २०१२ मध्ये डिझॅस्टर नावाच्या रॅपरशी समोरासमोर सामना होता. त्यात कॅनिबसला पाठ केलेलं आठवेना, तेव्हा त्याने चक्क वही काढली आणि भर मंचावर पानं उलटत वाचायला लागला. लोकांनी खूप टिंगल केली. मला मात्र त्यात तोच माणूस दिसला, ज्याच्या सोळा ओळी ऐकायला मी कॅसेटी विकत घेत होतो.

त्या जुन्या भांडणाचं पुढे काय झालं तेही सांगतो. एल. एल.ने २०१४ च्या डिसेंबरात ब्रुकलिनमधल्या एका कार्यक्रमात त्याला मंचावर बोलावलं आणि दोघांनी मिळून 'फोर, थ्री, टू, वन' म्हटलं.

७. सगळा अल्बम ऐकायची सक्ती नाही.

आधी 'सेकंड राउंड के.ओ.' ऐका. मग 'आय ऑनर यू' ऐका, ज्यात तो स्वतःच्या गर्भावस्थेपासून सुरुवात करून आईबद्दल बोलतो, आणि ज्यात दम देणं नावालाही नाही. परग्रहवासीयांवरचं 'चॅनल झीरो' आजही विचित्र वाटतं, पण लिहिलंय झकास. सेनेगलच्या युसू एन्दूरबरोबरचं 'हाऊ कम' मूळ 'बुलवर्थ' चित्रपटासाठीचं, तेही चुकवू नका. बाकीची गाणी वगळलीत तरी काही अडत नाही. वाचलेल्या वेळात 'रिप द जॅकर' लावा, आणि तो मात्र मधून न तोडता, सलग ऐका.