परसातील बिल्ववृक्ष : जोपासना, छाटणी आणि औषधी संग्रह

प्रस्तावना

बृहत्पंचमुळात बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला व काश्मर्य या पाच वृक्षांची मुळे येतात. त्यांपैकी घराच्या वा दवाखान्याच्या परसात सर्वांत सुलभपणे वाढणारा वृक्ष म्हणजे बिल्व, अर्थात बेल. असे असूनही बाजारात बिल्वमूळ म्हणून जे द्रव्य मिळते त्यात खोडाची साल मिसळलेली असण्याचा अनुभव अनेकांना येतो. कारण उघड आहे. खोडाची साल सहज निघते, मूळ काढण्यास मात्र खणावे लागते आणि अविचाराने खणल्यास वृक्षच जातो. म्हणून ज्यांच्याकडे थोडीफार जागा आहे अशा प्रत्येक वैद्याने व औषधी निर्मात्याने किमान एक बेल स्वतः वाढवावा, असे सुचविण्यासाठी हा लेख आहे. वृक्ष कसा वाढतो हे ज्याने पाहिले, त्याला द्रव्याची पारख निराळी शिकवावी लागत नाही.

वृक्षपरिचय

बेलाचे शास्त्रीय नाव एगल मार्मेलॉस. लिंबू, कवठ व कढीपत्ता यांच्याच रुटेसी कुलातील हा वृक्ष आहे. पाने त्रिदल व सुगंधी असून पानांच्या बगलेत सरळ, तीक्ष्ण काटे असतात. शिशिराच्या अखेरीपासून पानगळ होते आणि ग्रीष्मात नव्या पालवीबरोबरच फुले येतात. फुलापासून पक्व फळापर्यंत दहा ते अकरा महिने लागतात. त्यामुळे वेळीच न उतरविलेले जुने फळ व नवा बहर एकाच वेळी झाडावर दिसू शकतात. छाटणीचा काळ ठरविताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

लागवड

बेल हलक्या, मुरमाड, किंचित क्षारयुक्त अशा सर्व जमिनींत वाढतो व कडक उन्हाळाही सोसतो. त्याला सोसत नाही ते मुळाशी साचलेले पाणी. जागा निचऱ्याची असावी; घराची भिंत, विहीर व सांडपाण्याची टाकी यांपासून किमान १५ फूट अंतर सोडावे. उन्हाळ्यात ३ × ३ × ३ फुटांचा खड्डा खणून तापू द्यावा आणि पावसाच्या तोंडावर माती, दोन-तीन पाट्या कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड यांनी भरावा.

बियांपासून रोप करावयाचे असल्यास पक्व फळातील ताज्या बियांचा चिकट गर धुऊन त्या जूनमध्येच पेराव्यात. असे झाड फळावर येण्यास सात-आठ वर्षे लागतात. जून-जुलैत डोळा भरून केलेले कलम चार-पाच वर्षांत फळते. लहान परसासाठी पंत अपर्णा किंवा गोमा यशी हे बुटके व जवळजवळ बिनकाट्यांचे वाण सोयीचे आहेत. कलम घेताना रोपवाटिकेत एक प्रश्न अवश्य विचारावा : खुंट कशाचा आहे? कलमी झाडाचे मूळ हे खुंटाचे असते. ज्याला पुढे बिल्वमूळ हवे आहे, त्याने खुंटही बेलाचाच असल्याची खात्री करून घ्यावी.

वळण देणे व छाटणी

बेल हा महादेवाचा वृक्ष. त्यावर करवत चालविण्यास अनेक घरांत संकोच असतो. हीच मंडळी महाशिवरात्रीस व श्रावणात मात्र हाताला येईल ती डहाळी ओरबाडून नेतात. डहाळी ओरबाडली की साल फाटते आणि जखम चिघळते. स्वच्छ हत्याराने, योग्य काळी केलेली छाटणी वृक्षाला कितीतरी कमी त्रासदायक असते.

पहिली तीन-चार वर्षे वळण देण्याची. जमिनीपासून सुमारे अडीच फुटांपर्यंत एकच खोड ठेवावे. त्यावर निरनिराळ्या दिशांना व एकमेकींपासून काही अंतरावर निघालेल्या चार ते सहा फांद्या राखून बाकीच्या काढाव्यात. खुंटावर येणारे काटेरी फुटवे दिसताच काढावेत, अन्यथा ते कलमावर मात करतात.

पुढे बेलास दरवर्षी मोठ्या छाटणीची गरज नसते. वाळलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या व आत वळलेल्या फांद्या काढल्या की पुरे. याचा काळ म्हणजे फळे उतरविल्यानंतर, पाने गळून नवी पालवी फुटण्यापूर्वीचा अल्प अवधी. बहर नव्या पालवीबरोबर येत असल्याने पालवी फुटल्यावर केलेली छाटणी त्या वर्षीच्या फळांनाच मुकविते.

जाड फांदी एकाच घावात तोडू नये. प्रथम खोडापासून वीतभर अंतरावर खालून अर्धवट काप घ्यावा, त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदीचा भार उतरवावा आणि शेवटी उरलेला खुंटा फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापावा. ते कडे शाबूत राहिले तरच जखम भरून येते. मोठ्या जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर) लावण्याची पद्धत आहे.

कोवळ्या पालवीवर लिंबाच्या फुलपाखराची अळी पडते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व मोठेपणी हिरवी होते. ती हाताने वेचावी. ज्या झाडाची पाने स्वरसासाठी वापरावयाची, त्यावर विषारी फवारणी करू नये.

फलसंग्रह

सामान्यतः पक्व फळ गुणवान मानले जाते, बिल्व हा त्यास अपवाद. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात पक्व बिल्व दुर्जर व दोषल, तर बाल बिल्व दीपन व कफवातघ्न सांगितले आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियातही अपक्व वा अर्धपक्व फळाचा गर हेच द्रव्य ग्राह्य धरले आहे. मार्गशीर्ष-पौषात दाटी झालेल्या फांद्यांवरील हिरवी, कठीण फळे काढावीत, त्यांच्या चकत्या करून वाळवाव्यात. औषध मिळते आणि उरलेल्या फळांना वावही मिळतो.

विकत घेतलेल्या बेलगिरीत कवठाचा किंवा मँगोस्टीनच्या सालीचा भेसळ म्हणून वापर होतो. बेलाच्या आडव्या चकतीत मध्याभोवती दहा ते पंधरा कप्पे व त्यांत चिकट द्रवात रुतलेल्या लवयुक्त बिया दिसतात. कवठात कप्पे नसतात, बिया गरात विखुरलेल्या असतात. मँगोस्टीनच्या सालीस बियाच नसतात. घरचे एक फळ कापून पाहिलेल्याची यात फसगत होत नाही.

मूलसंग्रह : एक चूक

आमच्या दवाखान्यामागे वडिलांनी लावलेला बेल होता. पदवीनंतरच्या उत्साहात, स्वतःच्या हातचे दशमूळ करावे म्हणून मी एका शिशिरात त्याची पूर्वेकडील तीन जाड मुळे बुंध्यालगत तोडली. काळ शास्त्रोक्त होता. चरकसंहितेच्या कल्पस्थानात मुळांचा संग्रह ग्रीष्मात वा शिशिरात करण्यास सांगितले आहे. प्रमाण मात्र मी ध्यानात घेतले नव्हते. मृगाच्या पहिल्या वादळी पावसात भरल्या पालवीचा तो वृक्ष उन्मळून पश्चिमेकडे पडला. वडील काही बोलले नाहीत. त्या मुळांचे चूर्ण जेमतेम दोन बरण्या भरले होते.

पावसाळा संपता संपता तोडलेल्या मुळांच्या जमिनीत राहिलेल्या टोकांवर चार फुटवे उगवलेले दिसले. बेलाचे मूळ दुखावले की त्यावर फुटवा येतो व तो सवतंत्र झाड होऊ शकतो, हे मला त्या दिवशी उमगले. त्यांतील दोन आज फळावर आहेत. त्यानंतर मी पुढील नियम पाळतो :

१. दहा वर्षांखालील झाडाच्या मुळांना हात लावावयाचा नाही.

२. बुंध्यालगतचे मूळ तोडावयाचे नाही. फांद्यांच्या घेराच्या कडेला चर घेऊन अंगठ्याएवढी उपमुळेच घ्यावयाची.

३. एका वर्षी एकच बाजू. त्या बाजूस पुन्हा वळण्यापूर्वी किमान तीन वर्षे जाऊ द्यावयाची.

४. मूळ घेतलेल्या वर्षी पालवीपूर्वी फांद्या विरळ करून वाऱ्याचा भार कमी करावयाचा, चर शेणखत-मातीने बुजवून पाणी द्यावयाचे.

५. आलेल्या फुटव्यांपैकी एक तरी राखावयाचा, आणि मूळ धरल्यावर पावसाळ्यात अन्यत्र लावावयाचा.

उपसंहार

एका बेलाने कोणत्याही औषधी निर्मात्याची गरज भागणार नाही, हे खरे. परंतु वरील नियमांनी वर्षाकाठी किती थोडे मूळ हाती येते, हे अनुभवले म्हणजे बाजारातील स्वस्त व मुबलक बिल्वमुळाविषयी कोणते प्रश्न विचारावेत ते आपोआप कळते. पुरवठादारास मूळ कोठून, किती वयाच्या झाडाचे व कोणत्या ऋतूत काढले हे विचारण्याचा प्रघात आपण सर्वांनी पाडला पाहिजे. त्याची सुरुवात येत्या पावसाळ्यात आपल्या परसातील एका खड्ड्यापासून व्हावी.