सोर्स कोड फुकट, पण किती वेळ मोजाल?

ओपन सोर्स पॅकेजचा कोड पाहायला पैसे पडत नाहीत. जातो तो डेटा, आणि त्याहून जास्त वेळ. चुकीच्या जागेवरून कोड घेतला की दोन्ही वाया जातात.

आधी आपलाच संगणक पाहा. पायथॉनची पॅकेजेस साइट-पॅकेजेस फोल्डरात असतात. पिप शो ही कमांड पत्ता सांगते. रिक्वेस्ट्स निव्वळ पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे, ते तिथंच वाचा. डेटाचा खर्च शून्य. नमपायचं तसं नाही. त्याचा गाभा बराचसा सीमध्ये असून तुमच्याकडे तो कंपाइल होऊनच येतो. मूळ कोड हवा तर पायपीआयवरून टार-जीझेड फाइल उतरवा. नव्या आवृत्त्यांसाठी २० एमबीच्या आसपास डेटा जाईल. शेजारची व्हील फाइल इथं कामाची नाही.

आर भाषेत फंक्शनचं नाव कंसाशिवाय टाइप केलं की कोड समोर येतो. कॉमेंट्स मात्र सहसा दिसत नाहीत, त्या इन्स्टॉल होतानाच गळतात. 'असं का केलं' हे बहुधा तिथंच लिहिलेलं असतं, म्हणून क्रॅन या आरच्या पॅकेज-संग्रहावरून सोर्स फाइल घ्यावी हे बरं.

गिटहबवर जाताना आपल्याकडची आवृत्ती कोणती ते पाहून त्याच टॅगवर जा. नाहीतर बग जुन्या कोडमधला आणि आपण संध्याकाळभर नवा कोड वाचतोय, असं व्हायचं. पूर्ण क्लोनसोबत सगळा इतिहासही येतो. लिनक्स कर्नलचा तो काही जीबी भरतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा उद्योग नको. क्लोन करताना डेप्थ १ दिलं की फक्त ताजी प्रत उतरते.

रेपॉझिटरी वाचली म्हणजे पॅकेज वाचलं, असंही नाही. मार्च २०२४मध्ये एक्सझेड युटिल्स या कॉम्प्रेशन टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट फक्त टार फाइलमध्ये होती, गिटमध्ये नव्हतीच. सुरक्षेसाठी वाचत असाल तर दोन्ही उतरवून डिफ काढा. काम कंटाळवाणं आहे, पण तपासायची जागा हीच.

खिशाला खरी झळ बसलीच तर ती कोड उचलल्यावर. एमआयटी परवान्यात मूळ कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की भागतं. जीपीएलचा कोड घालून प्रॉडक्ट विकणार असाल, तर वकिलाची फी आधीच हिशोबात धरा.