चावडीचे राखणदार

पूर्वी गावात तंटा उभा राहिला, की चावडीवर चार जाणती माणसे मध्ये पडत. गावाचा विश्वास हेच त्यांचे बळ असे. आज संगणकाच्या महाजालावरही माणसे एकत्र जमतात, वाद घालतात आणि तेथेही अशा जाणत्यांची गरज भासते. त्यांचे काम कसे चालते, हे या पाठात तुम्ही समजून घेणार आहात.

वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. त्यातील नोंदी तज्ज्ञांनी लिहिल्या व संपादकांनी तपासल्या. विकिपीडियाची रीत निराळी आहे. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेल्या या मुक्त ज्ञानकोशात कोणीही लिहू शकतो आणि दुसऱ्याचे लिहिलेले सुधारूही शकतो. त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाली. तिच्यातील चर्चेच्या जागेला ‘चावडी’ आणि नवख्याने सराव करण्याच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात.

जेथे सर्वांना दार उघडे असते, तेथे राखणही लागते. ती करणाऱ्या स्वयंसेवकास ‘प्रचालक’ म्हणतात. इतर सदस्यांचा कौल घेऊन त्याची निवड होते. पान वगळणे, ते काही काळ संपादनासाठी बंद करणे, वारंवार नासधूस करणाऱ्यास लिहिण्यापासून रोखणे, हे अधिकार त्याला मिळतात. वेतन मात्र मिळत नाही.

हे काम कोणत्याही गावी बसून करता येते. भारतीय भाषांतील विकिपीडियांना साहाय्य करण्याचा उपक्रम बेंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेने २०१२ मध्ये हाती घेतला. याच बेंगळुरूत नोकरी करणारी, मूळची बेळगावची एक मराठी प्रचालिका कल्पनेने डोळ्यांसमोर आणा.

रात्री घरची कामे आटोपून ती ‘अलीकडील बदल’ हे पान उघडते. कोणा विद्यार्थ्याने शिवनेरी किल्ल्याच्या लेखात स्वतःचे नाव लिहून ठेवले आहे. ती ते काढून टाकते, पण त्याला दटावत नाही; धूळपाटीची वाट दाखवते. आजचा खोडकर मुलगा उद्याचा चांगला लेखक होऊ शकतो, हे ती जाणते. दुसऱ्या लेखात वर्तमानपत्रातील मजकूर जसाच्या तसा उतरवलेला आहे. प्रताधिकाराचा भंग होत असल्याने तो वगळावाच लागतो.

तिसरा लेख बेळगावचा. तेथे दोन सदस्य एकमेकांचे वाक्य खोडून आपले वाक्य लिहीत आहेत. शब्दाला शब्द लागून प्रकरण शिवीगाळीवर आले आहे. यांपैकी एकाचे वाक्य तिच्या मनातले आहे. सीमाप्रश्नाच्या गोष्टी ऐकतच ती लहानाची मोठी झाली. त्या वाक्यावर पान बंद करणे एका कळीचे काम आहे. तिची परीक्षा होते ती येथे.

ती कळ दाबत नाही. ज्या वादात आपले मन गुंतले आहे, त्यात आपण अधिकार वापरू नये, असा संकेत आहे. ती दुसऱ्या प्रचालकास पाचारण करते. तो पान काही दिवस बंद करतो. मग चर्चेच्या पानावर ती दोघांनाही एकच प्रश्न विचारते : “आपल्या म्हणण्याला आधार कोणता?”

हळूहळू आधार गोळा होतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात ते तेथेच ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने ती मान्य केली नाही आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक शासनाने शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ केले. त्याच दिवशी ‘बंगलोर’चे ‘बेंगळुरू’ झाले. कोणाचा दावा काय, तो केव्हापासून, एवढेच लेखात येते. न्याय कोणाच्या बाजूचा, हे लेख सांगत नाही.

यामुळे दोघांचेही समाधान होत नाही. एक तिला घरभेदी म्हणतो, दुसरा पक्षपाती. तिलाही आपले आवडते वाक्य गेल्याची रुखरुख लागते. परंतु उद्या कोल्हापूरचा वा धारवाडचा विद्यार्थी तो लेख वाचेल, तेव्हा त्याला कोणाचा राग वाचावा लागणार नाही. वस्तुस्थिती वाचायला मिळेल. ती कोणी राखली, हे त्याला कधी कळणारही नाही.

दार लावण्याचा अधिकार मिळाला, म्हणून घर आपले होत नाही. हे ज्याला उमगते, तोच खरा राखणदार.

शब्दार्थ
कौल – मत, पसंती
प्रताधिकार – लेखनावरील कायदेशीर हक्क
संकेत – रूढ नियम
घरभेदी – आपल्याच माणसांविरुद्ध परक्यास मदत करणारा

पाठावर आधारित प्रश्न
१. विद्यार्थ्याची चूक व उतरवलेला मजकूर यांबाबत प्रचालिकेने वेगवेगळी वागणूक का दिली?
२. तिने स्वतः पान बंद का केले नाही?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या वादात मध्यस्थी करावी लागली, तर तुम्ही कोणती पथ्ये पाळाल? आठ-दहा ओळींत लिहा.