सही नसलेली चिठ्ठी

आमच्या चारठाणा गावाला आलेला पाहुणा गोकुळेश्वराची बारव बघायला जातोच. २०२३च्या पावसाळ्यात मी त्या बारवेच्या पायरीवर बसून एक चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होतो. निळ्या शाईत एवढंच लिहिलेलं होतं : ‘१,७५,००० मिळाले. सीट कन्फर्म.’ शिक्का नाही, सही नाही, पैसे कशापोटी घेतले तेही नाही.

पोरगा जिंतूरला बारावी झाला. नीटमध्ये पात्र झाला, पण सरकारी कॉलेज मिळण्याइतके गुण नव्हते. खासगीची फी आमच्या आठ एकरांच्या आवाक्याबाहेरची. मग कुणीतरी नांदेडचा एक कन्सल्टन्सीवाला सांगितला. एसीची केबिन, भिंतीवर झेंडे. “काका, मध्य आशियात पाच वर्षांत एमबीबीएस, इंटर्नशिप इकडं येऊन करायची. तुम्ही टेन्शन घेऊ नका.” आम्ही घेतलं नाही, तिथंच चुकलं. घरात साठवलेलं सोयाबीन विकून पैसे रोख दिले. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिकाही त्यानं ‘प्रोसेससाठी’ ठेवून घेतल्या.

पोराच्या सरांनी विचारलं, “नियम वाचलेत का?” मला वाटलं होतं, नियम त्या देशाचे असतील. खरे नियम आपल्याच देशाचे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ते १८ नोव्हेंबर २०२१ रोजी काढले. परदेशातलं शिक्षण किमान ५४ महिन्यांचं हवं आणि इंग्रजीतून हवं. त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत करायची. परत आल्यावर इथली १२ महिने वेगळी. शिवाय त्या देशात डॉक्टरकी करायला तिथल्या नागरिकासारखीच पात्रता मिळाली पाहिजे. आता आमची पाच वर्षं मोजा. ६० महिन्यांतून तिकडच्या इंटर्नशिपचे १२ काढले की शिकवायला ४८ उरतात. तिकडं इंटर्नशिप केलीच नाही, तरी नियम मोडतोच. हा हिशेब चौथीतल्या लेकराला जमेल, पण केबिनमध्ये बसून मला जमला नाही.

पदवी घेऊन आल्यावर इथं एफएमजीई परीक्षा असते : ३०० गुणांची, उत्तीर्ण व्हायला १५० लागतात. डिसेंबर २०२३च्या सत्रात पाचांतला साधारण एकच पास झाला. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनमधून जीव मुठीत धरून परतलेली मराठवाड्याची लेकरंही आपण पाहिली. म्हणून कुणी विचारलं तर मी आधी एवढंच म्हणतो : पोरगं परत आल्यावर त्या कागदाला इथं काय किंमत, ते पहिल्याच दिवशी विचारा. तोंडी नको, लेखी मागा. मी मागितलं तेव्हा फोनवरचा ‘काका’ गायब झाला आणि ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ सुरू झालं.

मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका. आमचे परत यायला तीन महिने आणि नांदेडच्या सहा चकरा लागल्या. पासपोर्टचीही वेगळीच गंमत. आधारवर माझ्या नावापुढं ‘राव’ आहे, पोराच्या गुणपत्रिकेवर नाही. आपल्याकडं राव मानानं लागतो, पासपोर्टला त्यानं वेगळीच व्यक्ती होते. अकरावीतच सगळ्या कागदांवरची नावं एक करून घ्या. गुणपत्रिकेतली चूक शाळेमार्फत छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडं जाते, आणि तिथं वेळ लागतो.

कर्जाचंही ऐका. साधारणपणे चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागतं, त्यावर तारण. मी सातबारा घेऊन गेलो. मॅनेजर म्हणाले, “दादा, शेतजमीन चालत नाही.” गावठाणातलं घर नमुना आठवर, तेही चालेना. कर्जावर भिस्त असेल तर आधी बँकेत जा, मग एजंटाकडं.

सरकारी मदतीचं म्हणाल, तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांना आहे, पण ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही तशीच. बारावीवर जाणाऱ्याला दोन्ही नाहीत. दुसरी वाट म्हणून लोक जर्मनी सांगतात. तिथं बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरं. पण आपली नुसती बारावी तिथं सहसा थेट चालत नाही. आधी श्टुडिएनकोलेगचं, म्हणजे पूर्वतयारीचं, वर्ष करावं लागतं, नाहीतर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास हवी. नोव्हेंबर २०२२पासून कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे, आणि राहण्या-खाण्यापोटी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात दाखवावे लागतात. पदवी इथं करून मग गेलं, तर वाट पुष्कळ सोपी होते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर सोयाबीन वाचलं असतं.

पोराचं एक वर्ष गेलं. २०२४ला त्यानं सीईटी देऊन परभणीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी अ‍ॅग्रीला प्रवेश घेतला. एमएस्सीला बाहेर जायचं म्हणतो, मोबाईलवर जर्मन शिकतो. त्याची आई त्याला रोज रात्री विचारते, “आज काय शिकलास रे?” आणि तो जे काही बोलतो, ते आम्हा दोघांनाही कळत नाही.

कन्सल्टन्सीवाल्यानं ६० हजार परत दिले. उरलेले एक लाख पंधरा हजार अजून यायचेत.